राजा भोज आणि परमारांचे कूळ



आपल्या सुरतेतल्या मराठी शाळांच्या हजेरीपुस्तकात पवार हे आडनाव हमखास सापडते. गुजराती शाळांत परमार हे आडनाव तितक्याच वेळा कानावर पडते. ही दोन्ही आडनावे एकच का, पवार मूळचे राजपूत की मराठे, आणि त्यांच्यातला सर्वांत मोठा माणूस कोण, असे प्रश्न मुले अनेकदा विचारतात. घरातली वडीलधारी मंडळीही सोयरीक जुळवताना कूळ विचारतात. म्हणून या अंकात आपण परमार कुळातील सर्वांत प्रसिद्ध पुरुषाची, धारच्या राजा भोजाची, ओळख करून घेऊ. त्याच्या निमित्ताने हे कूळ कोठून आले आणि कोठे कोठे पसरले, तेही पाहू.

राजा भोज आपल्याला गोष्टींतून माहीत असतो. सिंहासन बत्तीशीतले सिंहासन त्यालाच सापडले असे सांगतात. त्याच्या दरबारात कालिदास होता अशाही कथा आहेत, पण कालिदास भोजाच्या कित्येक शतके आधी होऊन गेला. गंगू तेल्याची म्हणही सर्वांना ठाऊक आहे. काहींच्या मते गंगू म्हणजे चेदी देशाचा राजा गांगेय आणि तेली म्हणजे कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तैलप. हा अर्थ पुढच्या लोकांनी जुळवलेला दिसतो. मात्र गांगेय आणि तैलप हे दोघेही खरे राजे होते आणि दोघांशीही परमारांचे वैर होते.

कुळाची सुरुवात

परमारांच्या जन्माची कथा अबूच्या पहाडावरची आहे. विश्वामित्रांनी वसिष्ठांची कामधेनू पळवली. वसिष्ठांनी अग्निकुंडात आहुती दिली, तेव्हा त्यातून एक वीर प्रकट झाला आणि त्याने गाय परत आणली. शत्रूला मारणारा म्हणून ऋषींनी त्याचे नाव परमार ठेवले. ही कथा आपल्याला प्रथम पद्मगुप्त नावाच्या कवीच्या 'नवसाहसांकचरित' या काव्यात भेटते. पद्मगुप्त हा भोजाचे वडील सिंधुराज यांच्या दरबारचा कवी. चौहान, सोळंकी आणि प्रतिहार यांनाही त्याच कुंडातून जन्मलेले मानणारी कथा त्यानंतरची आहे.

पण या काव्यापेक्षा जुना पुरावा आपल्या गुजरातेतच सापडला आहे. साबरकांठा भागातील हरसोल येथे मिळालेले ताम्रपट इ.स. ९४९ चे आहेत. भोजाचा आजोबा सीयक हा एका स्वारीवरून परतताना मही नदीकाठी थांबला होता. तेथे त्याने वडनगरच्या नागर ब्राह्मण पिता-पुत्रांना दोन गावे दान दिली. या ताम्रपटांत अग्निकुंडाचे नावही नाही. उलट त्यात आधी दक्षिणेच्या राष्ट्रकूट राजांची नावे येतात आणि त्यांच्या कुळात सीयकाचे घराणे झाले असे लिहिले आहे. त्या काळी परमार हे राष्ट्रकूटांचे मांडलिक होते. पुढे इ.स. ९७२ मध्ये याच सीयकाने राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट लुटली आणि घराणे स्वतंत्र झाले. ते स्वतंत्र झाल्यानंतर अबूची कथा काव्यात आली. मोठ्या राजाच्या आश्रयाला असताना एक वंश सांगितला गेला आणि स्वतःचे राज्य झाल्यावर दुसरा, हे इथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मुंज आणि भोज

सीयकानंतर त्याचा मुलगा वाक्पती मुंज गादीवर आला. तो शूर होता आणि कवींचा आश्रयदाताही होता. भरूचचे प्रसिद्ध गुजराती लेखक कन्हैयालाल मुनशी यांची 'पृथ्वीवल्लभ' ही कादंबरी याच मुंजावर आहे. तैलपावर स्वारी करताना मंत्र्याने नको म्हटले असतानाही मुंजाने गोदावरी ओलांडली, तो पकडला गेला आणि कैदेत मारला गेला, असे मेरुतुंग या जैन ग्रंथकाराने लिहिले आहे. हा ग्रंथ इ.स. १३०४ मध्ये आपल्या सौराष्ट्रातील वढवाण येथे पूर्ण झाला.

मेरुतुंगाने भोजाच्या लहानपणाची एक गोष्ट दिली आहे. हा मुलगा पुढे राज्य करणार असे ज्योतिषाने सांगितल्यावर मुंजाने त्याला मारायला पाठवले. मरण्यापूर्वी बालभोजाने काकाला एक श्लोक लिहून दिला. पूर्वीचे थोर राजे गेले, पण पृथ्वी त्यांच्यापैकी कोणाबरोबरही गेली नाही, असा त्याचा आशय होता. श्लोक वाचून मुंज रडला आणि मुलगा जिवंत असल्याचे कळताच त्याने त्याला जवळ घेतले. गोष्ट सुंदर आहे, पण ती भोजानंतर अडीचशे वर्षांनी लिहिलेली आहे. प्रत्यक्षात मुंजानंतर भोजाचे वडील सिंधुराज राजे झाले आणि त्यांच्यानंतर इ.स. १०१० च्या सुमारास भोज गादीवर आला.

लाट देश आणि कोकण

भोजाचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना ताम्रपट इ.स. १०११ चा आहे आणि तोही गुजरातमधील मोडासा येथे सापडला. त्या वेळी आपला दक्षिण गुजरात लाट देश म्हणून ओळखला जात असे. इथे चालुक्यांच्या एका शाखेचा कीर्तिराज राज्य करी. त्याचा शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा ताम्रपट सुरतेचा ताम्रपट म्हणून अभ्यासकांना परिचित आहे. याच सुमारास भोजाने लाटेवर चाल करून कीर्तिराजाला हरवले. त्यानंतर त्याने कोकण जिंकले. त्या विजयाच्या आनंदात इ.स. १०२० मध्ये त्याने जमिनी दान दिल्या. त्यासंबंधीचे ताम्रपट बेटमा आणि बांसवाडा येथे मिळाले.

आपल्यापैकी अनेकांची मूळ गावे नाशिक जिल्ह्यात आहेत. तेथील कळवणच्या ताम्रपटात भोजाचा सरदार यशोवर्मा याचा उल्लेख आहे. त्याच्याकडे भोजाने दिलेल्या दीड हजार गावांचा कारभार होता. त्याच्या हाताखालच्या एका सरदाराने जैन मंदिराला जमीन दिली, असे हा ताम्रपट सांगतो. म्हणजे धारच्या राज्याचा कारभार सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत पोचला होता.

आता एक महत्त्वाची गोष्ट पाहा. बेटमा आणि बांसवाड्याच्या ताम्रपटांत भोज आपली ओळख कशी करून देतो? आजोबा सीयक, काका वाक्पती, वडील सिंधुराज आणि नंतर स्वतः. बस, एवढेच. अबूची कथा त्याच्या वडिलांच्या दरबारातच रचली गेली होती, तरी जमिनीच्या या कागदांत त्याने ती घातली नाही. राष्ट्रकूटांचाही उल्लेख केला नाही. तीन पिढ्यांची नावे आणि आपले काम त्याला पुरेसे वाटले.

ग्रंथ आणि पाणी

ते काम मात्र विलक्षण होते. परंपरेने भोजाच्या नावावर ८४ ग्रंथ सांगितले जातात. सगळे त्याने एकट्याने लिहिले असतील असे नाही, पदरच्या पंडितांचा हात त्यात असणारच. तरीही व्याकरण आणि काव्यशास्त्र या दोन्ही विषयांवरचे 'सरस्वतीकंठाभरण' नावाचे ग्रंथ, ३६ प्रकाशांचा 'शृंगारप्रकाश', योगसूत्रांवरची 'राजमार्तंड' ही टीका आणि ज्योतिषावरचा 'राजमृगांक' हे ग्रंथ आजही अभ्यासले जातात. नगररचना, घरे, मंदिरे आणि यंत्रे यांची माहिती देणारा 'समरांगणसूत्रधार' हा तर वास्तुविद्येचा खजिनाच आहे. तो प्रथम छापला गेला बडोद्यात, गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत, १९२४-२५ साली. सयाजीराव महाराजांच्या राज्यात संस्कृत ग्रंथांच्या छपाईला जो आधार मिळाला, त्याचा हा लाभ.

भोपाळजवळ बेतवा नदीच्या काठी भोजपूर येथे त्याचे शिवमंदिर आहे. तेथील एकसंध दगडाचे शिवलिंग सुमारे साडेसात फूट उंच आहे. हे मंदिर कधीच पूर्ण झाले नाही. शेजारच्या खडकांवर कारागिरांनी कोरलेले मंदिराचे आराखडे अजून दिसतात. मोठे दगड वर चढवण्यासाठी घातलेला मातीचा उतारही तेथे आहे. वास्तुविद्येच्या विद्यार्थ्यांना हजार वर्षांपूर्वीचे काम प्रत्यक्ष चालू असल्यासारखे पाहता येते. भोजपूरला धरण बांधून मोठा तलाव केला होता. तो पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान होशंगशहा याने फोडला. भोपाळचा मोठा तलाव लोकपरंपरेने भोजाचाच मानला जातो आणि शहराला आजही त्याचे पाणी मिळते.

काश्मीरचा इतिहासकार कल्हण एक मजेदार माहिती देतो. भोजाने सोने पाठवून काश्मीरमधील कपटेश्वर येथे कुंड बांधवून घेतले. तेथल्या तीर्थाच्या पाण्याने तोंड धुण्याचा त्याचा नेम होता, म्हणून ते पाणी काचेच्या भांड्यांतून माळव्यापर्यंत येत असे.

अखेरची वर्षे

भोजाला यशच मिळाले असे नाही. कल्याणीच्या सोमेश्वराने धारवर स्वारी करून नगर लुटले. भोज पुन्हा उभा राहिला. पण इ.स. १०५५ च्या सुमारास पश्चिमेकडून पाटणचा भीमदेव आणि पूर्वेकडून चेदीचा कर्ण यांनी एकाच वेळी माळव्यावर चाल केली. हा भीमदेव म्हणजे मोढेराचे सूर्यमंदिर ज्याच्या काळात झाले तो. याच धामधुमीत आजारी भोजाचा मृत्यू झाला. त्यानंतर माळव्याचे राज्य बुडतेच की काय असे झाले असताना उदयादित्याने ते सावरले. विदिशा जिल्ह्यातील उदयपूरच्या त्याच्या मंदिरातील शिलालेखात अग्निकुंडाची कथा पुन्हा दिसते.

कूळ कोठे कोठे गेले

परमारांच्या शाखा अबू, वागड, जालोर आणि किराडू येथे राज्य करीत होत्या. त्यांच्यातले सोढा परमार थरपारकरमध्ये आणि तेथून सौराष्ट्रातील मूळी येथे आले. दांता आणि संतरामपूर ही गुजरातमधील संस्थानेही परमारांचीच. उदयादित्याचा मुलगा जगद्देव दक्षिणेत आला. यवतमाळ जिल्ह्यातील डोंगरगाव येथे त्याच्या काळातील शके १०३४, म्हणजे इ.स. १११२ चा शिलालेख आहे. गुजराती लोककथांतला दानशूर जगदेव परमार तो हाच. इ.स. १३०५ मध्ये अलाउद्दीन खिलजीच्या सैन्याने माळवा जिंकला आणि परमारांचे राज्य संपले. माणसे मात्र निरनिराळ्या दिशांना गेली. भंडारा, गोंदिया आणि बालाघाट भागातला पोवार समाज आपण माळव्यातून आलो असे सांगतो आणि वसंत पंचमीला राजा भोजाची जयंती साजरी करतो. फलटणचे नाईक निंबाळकरही आपले मूळ परमारांत सांगतात. शिवछत्रपतींच्या पत्नी सईबाई याच घराण्यातल्या.

मराठ्यांच्या इतिहासातले पवार हेही स्वतःला याच कुळाचे मानतात आणि शहाण्णव कुळांत त्यांची गणना होते. उदाजी पवार यांनी माळवा आणि गुजरात या दोन्ही ठिकाणी तलवार गाजवली. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेरा येथे चिमाजी अप्पांच्या फौजेने मोगल सुभेदाराचा पराभव केला, तेव्हा ते त्या लढाईत होते. पुढे १७३१ मध्ये डभोईजवळच्या लढाईत ते दाभाड्यांच्या बाजूने बाजीराव पेशव्यांविरुद्ध उभे राहिले आणि त्यांचे महत्त्व घटले. धार त्यांचे भाऊ आनंदराव यांच्याकडे गेली. देवास येथे तुकोजी आणि जिवाजी पवार यांची दोन राज्ये झाली. धारचे यशवंतराव पवार १७६१ मध्ये पानिपतावर पडले. म्हणजे परमारांची राजधानी सव्वाचारशे वर्षांनी पवार नावाच्या घराण्याकडे आली आणि १९४८ पर्यंत राहिली. याच संस्थानात शिक्षणखात्याचे प्रमुख असलेले काशीनाथ कृष्ण लेले यांनी कॅप्टन लुआर्ड यांच्याबरोबर परमारांचा इतिहास लिहून १९०८ साली प्रसिद्ध केला.

तर पवार राजपूत की मराठे? धारच्या पवारांना दोन्ही म्हणता येते. पण माळवा सोडून आलेल्या प्रत्येक कुटुंबाची नोंद कोणत्याही ताम्रपटात नाही. शिवाय आडनाव एक म्हणून कूळ एक असे होत नाही. डांगच्या आदिवासी पाड्यांत पवार आहेत आणि परमार आडनाव गुजरातमधल्या अनेक समाजांत आहे. त्यामुळे वर्गात कोणी आपले कूळ उंच सांगून दुसऱ्याला हिणवू लागला, तर त्याला हरसोलचा ताम्रपट आठवून द्यावा. राजांच्या घराण्यानेही आपला उगम दोन वेळा दोन प्रकारे सांगितला होता.

पालकांनी सुट्टीत मुलांना धार, भोजपूर आणि भोपाळचा तलाव जरूर दाखवावा. मुलांनी आजी-आजोबांना विचारून आपल्या घरातील तीन पिढ्यांची नावे आणि प्रत्येकाने केलेले काम वहीत लिहून काढावे. भोजाच्या ताम्रपटात याहून जास्त पिढ्या नव्हत्या.