विश्लेषण : नेम चुकला हे मेंदूला कसे कळते? हेल्महोल्ट्झ यांच्या चष्म्याची गोष्ट

हालचालीतली प्रत्येक चूक मेंदू एकाच पद्धतीने सुधारत नाही. या अभ्यासाचा पाया १९व्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी घातला.

कोण होते हेल्महोल्ट्झ?
३१ ऑगस्ट १८२१ रोजी पॉट्सडॅममध्ये शिक्षकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. त्यांना पदार्थविज्ञान शिकायचे होते, पण घरची परिस्थिती बेताची होती. बर्लिनमध्ये वैद्यकीय शिक्षण सरकारी खर्चाने मिळत होते. अट एकच, नंतर लष्करात डॉक्टर म्हणून नोकरी करायची. त्यांनी ती मान्य केली. लष्करात असतानाच, १८४७ मध्ये, त्यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेवर गाजलेला निबंध लिहिला. १८४९ मध्ये ते क्योनिग्सबर्गला शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले.

मज्जातंतूंचा वेग कसा मोजला?
मज्जातंतूंतून जाणारा संदेश इतका वेगवान असतो की तो मोजता येणार नाही, असे त्यांचे गुरू योहानेस म्यूलर यांचे मत होते. हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूला दोन ठिकाणी विजेचा धक्का दिला. एक जागा स्नायूजवळ, दुसरी लांब. स्नायू आकसायला लागलेल्या वेळेतल्या फरकावरून १८५० मध्ये वेग निघाला : सेकंदाला सुमारे २७ मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरहून थोडा कमी! नोंदी घेण्यात पत्नी ओल्गा यांची मदत होती. मनातली इच्छा आणि शरीराची कृती यांत वेळ जातो, हे त्यांच्या वडिलांना मात्र पटायला जड गेले.

मग मेंदू उशिरा पोहोचत नाही का?
केवळ डोळ्यांनी चूक पाहून ती सुधारायची, तर वेगवान हालचालीत नेहमीच उशीर होईल. म्हणून मेंदू हालचालीचा परिणाम आधीच ताडतो, असे आजचे विज्ञान मानते. याचा धागा हेल्महोल्ट्झ यांच्या निरीक्षणात सापडतो. डोळा स्वतः वळवला तर जग स्थिर दिसते. बोटाने हलकेच ढकलला तर दृश्य सरकते. डोळ्याचा स्नायू लुळा पडलेल्या रुग्णाने डोळा वळवण्याचा प्रयत्न केला, की डोळा जागचा हलत नाही, पण समोरचे दृश्य हलल्यासारखे वाटते. म्हणजे मेंदू स्वतः दिलेल्या आदेशाचाही हिशेब ठेवतो.

चष्म्याचा प्रयोग काय होता?
दृश्य एका बाजूला सरकवणारे लोलक डोळ्यांसमोर लावून त्यांनी वस्तूला हात लावून पाहिला. आधी नेम चुकला. थोड्या सरावाने तो जमला. लोलक काढल्यावर मात्र हात उलट बाजूला चुकू लागला! डोळ्यांवर काही नाही हे माहीत असूनही चूक झाली. मेंदूने नकळत आपला अंदाजच बदलला होता.

चुकांचे प्रकार कोणते?
दोन प्रकार महत्त्वाचे. अपेक्षेपेक्षा हात वेगळीकडे गेला, ही अंदाजाची चूक. लक्ष्य हुकले, ही निकालाची चूक. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पडद्यावरचा कर्सर ४५ अंशांनी वळवला होता आणि तेवढाच उलट नेम धरण्याची युक्ती लोकांना सांगितली होती. लक्ष्य लगेच साधले. पण सराव वाढला तसा नेम पुन्हा ढळू लागला. निकाल बरोबर असूनही मेंदू अंदाजाची चूक दुरुस्त करत राहिला. लहान मेंदूला, म्हणजे अनुमस्तिष्काला इजा झालेल्या रुग्णांत हे ढळणे फारसे दिसले नाही. त्यामुळे या दुरुस्तीत लहान मेंदूचा मोठा वाटा मानला जातो.

पुढे काय झाले?
हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये डोळ्याच्या आतले पाहण्याचे उपकरण, ऑप्थॅल्मोस्कोप, जगापुढे आणले. १८७१ मध्ये ते बर्लिन विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. पैशाअभावी सुटलेला विषय पन्नाशीत हाती आला. ८ सप्टेंबर १८९४ रोजी त्यांचे निधन झाले. पक्षाघातानंतर काही रुग्णांचे डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. अशांसाठी लोलकाच्या चष्म्याचा सराव १९९८ पासून अभ्यासला जात आहे. सर्वांना सारखा गुण येत नाही, तरी हा प्रयोग आता उपचारापर्यंत पोहोचला आहे.