विमानवेडे जेआरडी

प्लेसमेंटच्या फॉर्ममध्ये ‘छंद’ नावाचा एक रकाना असतो. बहुतेकजण तिथे वाचन, संगीत, क्रिकेट असं काहीतरी ठोकून देतात. मी लिहितो : विमानं बघणं आणि त्यांचे फोटो काढणं. वाचणारा हमखास हसतो. विमान उडवणं हा छंद असू शकतो, पण नुसतं बघणं? मित्रांनो, याचं उत्तर द्यायचं तर मला एका माणसाचं अख्खं आयुष्य सांगावं लागतं. जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा, म्हणजे आपले जेआरडी. उद्योगपती, टाटा समूहाचे अध्यक्ष, भारतरत्न हे सगळं जनरल नॉलेजच्या पुस्तकात असतंच. पण या सगळ्याच्या आधी ते होते समुद्रकिनाऱ्यावर उभं राहून विमानं बघणारं एक पोर. आणि माझ्या मते शेवटपर्यंत ते तसेच राहिले.

मला हे इतकं जवळचं का वाटतं, तर मीही किनाऱ्यावरचाच. रेवदंड्याचा! एका अंगाला कुंडलिकेची खाडी, पलीकडे कोर्लईचा किल्ला, मागे नारळी-पोफळीच्या वाड्या. शेजारचं चौल एकेकाळी मोठं बंदर होतं. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात तिथेच उतरला. तेव्हाची पोरं क्षितिजावर शिडं शोधत असतील, आम्ही मान वर करून विमानं शोधतो. मुंबईचा विमानतळ आमच्यापासून सरळ रेषेत साठेक किलोमीटर. विमानं खूप उंचावर असतात, त्यामुळे शेपटीवरचा रंग ओळखणं कठीण. पण इंजिनं दोन की चार एवढं सवयीने कळतं. वडिलांचा एकच सवाल असतो, की यातून मिळणार काय? सवाल अगदी रास्त आहे. सुपारीच्या वाडीतून फीचे पैसे उभे करणाऱ्या माणसाला तो विचारायचा पूर्ण हक्क आहे.

आता जेआरडींकडे वळू. जन्म २९ जुलै १९०४, पॅरिस. वडील रतनजी दादाभॉय हे जमशेटजी टाटांचे नातेवाईक आणि सहकारी, आई सुझान ही फ्रेंच. उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावर हार्डेलो नावाचं गाव आहे. टाटा कुटुंब सुट्टीत तिथे राहायला जायचं. गंमत म्हणजे लुई ब्लेरिओ यांचंही घर तिथेच होतं. हे तेच ब्लेरिओ, ज्यांनी २५ जुलै १९०९ रोजी विमानातून इंग्लिश खाडी सर्वात आधी ओलांडली. त्यांचा वैमानिक अडॉल्फ पेगू विमान थेट वाळूवर उतरवायचा आणि किनाऱ्यावरची पोरं डोळे फाडून बघत राहायची. त्यात छोटा जहांगीर होता. पंधराव्या वर्षी त्याच हार्डेलोला त्याला पहिल्यांदा विमानात बसायला मिळालं. उड्डाण अगदी थोड्या वेळाचं, पण आयुष्याची दिशा ठरली.

आपल्यासाठी पुढची गोष्ट महत्त्वाची. जेआरडींना केंब्रिजला जाऊन इंजिनिअरिंग करायचं होतं. मध्ये फ्रेंच सैन्यात सक्तीची नोकरी झाली, आणि मग वडिलांनी त्यांना भारतात बोलावून घेतलं. १९२५ च्या डिसेंबरमध्ये ते टाटा कंपनीत बिनपगारी उमेदवार म्हणून लागले. पुढच्याच वर्षी वडील गेले. इंजिनिअरिंगची डिग्री राहिली ती राहिलीच! आपण सबमिशन आणि केटीला वैतागून ज्या डिग्रीला शिव्या घालतो, ती न मिळाल्याची रुखरुख त्या माणसाला आयुष्यभर होती.

१९२८ मध्ये मुंबईला जुहूवर फ्लाइंग क्लब निघाला. जेआरडींनी लगेच नाव घातलं आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना, क्रमांक १. पुढे आगा खान यांनी भारत ते इंग्लंड एकट्याने उडणाऱ्या भारतीयासाठी बक्षीस लावलं. जेआरडी कराचीहून निघाले आणि अस्पी इंजिनिअर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून उलट्या दिशेने. वाटेत इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. शर्यत अस्पीने जिंकली. हाच अस्पी १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. आपल्याकडे व्हायवाच्या आदल्या रात्री जर्नल लपवून ठेवणारे महाभाग आहेत, त्यांनी या प्रसंगावर जरूर विचार करावा.

आता जुहूची गोष्ट. नेव्हिल व्हिन्सेंट हा वैमानिक टपाल विमानाची योजना घेऊन आला होता. लंडनची हवाई डाक इम्पीरिअल एअरवेजच्या विमानाने कराचीपर्यंत यायची, ती पुढे मुंबई-मद्रासपर्यंत आपण न्यायची, अशी कल्पना. सरकारकडून अनुदान नाही, कंपनीतले ज्येष्ठ साशंक. तरी जेआरडींनी पिच्छा सोडला नाही. दोन लाख रुपयांच्या भांडवलावर काम सुरू झालं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी जेआरडी स्वतः ‘पस मॉथ’ जातीचं विमान घेऊन कराचीहून निघाले. एकच इंजिन, १२० अश्वशक्तीचं. रेडिओ नाही. खाली किनारा, नदी, रेल्वेचे रूळ बघत जायचं. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले! दुपारी दोनच्या आत विमान जुहूला उतरलं. पुढचा टप्पा बेल्लारीमार्गे मद्रास, तो व्हिन्सेंटने उडवला. भारतातली नियमित विमानसेवा अशी सुरू झाली.

जुहूचं ते मैदान म्हणजे समुद्रालगतची चिखलाची जमीन. पावसाळ्यात सगळं पाण्याखाली, मग तळ पुण्याला हलवायचा. आम्हा कोकणातल्या माणसांना हे वेगळं समजवावं लागत नाही. पण टाटांची टपाल विमानं वेळेवर पोहोचण्याबद्दल नावाजली गेली. यंत्रं साधी होती, सोयी जवळजवळ नव्हत्या, मग हे जमलं कसं? माझ्या मते त्याचं उत्तर बघण्यात आहे. ढग बघायचे, वारा बघायचा, इंजिनाचा आवाज ऐकायचा, छोटा बिघाड मोठा व्हायच्या आत पकडायचा. हार्डेलोच्या वाळूत लागलेली सवय इथे कामाला आली.

कंपनी वाढली. १९४६ मध्ये तिचं नाव एअर इंडिया झालं. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं आणि एअर इंडियाची आंतरराष्ट्रीय सेवा सुरू झाली. जेआरडी त्या विमानात होते. आम्ही विमानं बघणारे लोक प्रत्येक विमानाचा नोंदणी क्रमांक वहीत टिपतो. भारतीय विमानांचा क्रमांक व्हीटी या अक्षरांनी सुरू होतो. ‘मलबार प्रिन्सेस’चा होता व्हीटी-सीक्यूपी. नोव्हेंबर १९५० मध्ये हे विमान आल्प्समधल्या मों ब्लां पर्वतावर आदळलं, विमानातले सगळे ४८ जण गेले. क्रमांक टिपायला लागलं की विमान ही नुसती यंत्राची जात राहत नाही. त्या एकेका विमानाला जन्म असतो, आयुष्य असतं आणि कधी कधी असा शेवटही.

१९५३ मध्ये सरकारने विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. जेआरडींना ते अजिबात पटलं नव्हतं. उभी केलेली कंपनी हातातून गेली. अशा वेळी दुसरा कोणी रागाने बाजूला झाला असता. पण अध्यक्ष व्हा असं सरकारने सुचवल्यावर ते तयार झाले आणि पंचवीस वर्षं पगार न घेता ते काम केलं. या काळातल्या त्यांच्या टिपणांबद्दल वाचलं की मला फार मजा वाटते. कुठल्याही विमानात प्रवासी म्हणून बसले तरी त्यांचं निरीक्षण चालूच. चहा आणि कॉफीचा रंग सारखाच का दिसतो, पडदा नीट का बसत नाही, खुर्ची किती मागे जाते, प्रसाधनगृह स्वच्छ आहे का, सगळं लिहून संबंधित माणसाकडे जायचं. १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोईंग ७०७ आली आणि दोनच वर्षांत सगळा ताफा जेट विमानांचा झाला. परदेशी प्रवासी मुद्दाम एअर इंडिया निवडायचे ते दिवस हेच.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री ‘एम्परर अशोक’ हे एअर इंडियाचं पहिलं जंबो जेट सांताक्रूझहून उडालं आणि काही मिनिटांतच वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली. विमान किती कललंय हे दाखवणारं एक यंत्र बिघडलं होतं, बाहेर काळोख, खाली काळं पाणी, क्षितिज दिसत नाही. इन्स्ट्रुमेंटेशनचा पेपर कंटाळवाणा वाटला की मी ही घटना आठवतो. आपण ज्याला नुसता एरर म्हणून दोन मार्कांत सोडवतो, त्याची किंमत एवढी असू शकते.

त्यानंतर महिन्याभरात, एका वेगळ्याच निर्णयाने, मोरारजी देसाईंच्या सरकारने जेआरडींना एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून दूर केलं. आधी कंपनी गेली होती, आता खुर्चीही गेली. वय त्र्याहत्तर. १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने त्यांना संचालक मंडळावर परत घेतलं, अध्यक्षपद मात्र नाही.

आणि मग आला १५ ऑक्टोबर १९८२. पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जेआरडी ‘लेपर्ड मॉथ’ नावाच्या जुन्या, एका इंजिनाच्या विमानात एकटे बसले, कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे पुन्हा जुहूला उतरले. कंपनी त्यांची नव्हती, पद त्यांच्याकडे नव्हतं, सिद्ध करण्यासारखं काही उरलं नव्हतं. उरलं होतं ते फक्त विमान आणि ते आवडणारा माणूस. मला विचाराल तर त्यांच्या आयुष्यातला सर्वात मोठा दिवस हाच. आवडीच्या गोष्टीवरची मालकी कोणी काढून घेऊ शकतो, आवड नाही काढून घेऊ शकत.

१९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हाला ते गेले. पॅरिसच्या पेर लाशेझ स्मशानभूमीत त्यांचं दफन झालं. पुढे २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली, पण ते बघायला जेआरडी नव्हते.

आता थोडं आमच्या छंदाबद्दल, कारण तो समजून घ्यायला जुहूसारखी जागा नाही. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तरीही २०१८ मध्ये तिथे एका दिवसात हजाराच्या वर विमानं उतरली-उडाली. विमान वाऱ्याच्या समोरून उतरतं आणि समोरूनच उडतं. समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून बहुतेक वेळा विमानं घाटकोपरच्या बाजूने उतरतात आणि जुहूच्या दिशेने उडून समुद्रावर जातात. संध्याकाळी जुहूच्या वाळूत पूर्वेकडे तोंड करून उभं राहायचं. सूर्य आपल्या पाठीशी, विमान समोरून येतंय, नाकापासून पोटापर्यंत सोनेरी उजेड. भर दुपारी जाऊ नका, तापलेल्या हवेने फोटो थरथरल्यासारखा येतो. पंख्याचं विमान असेल तर शटर थोडा मंद ठेवा, नाहीतर फिरणारा पंखा गोठल्यासारखा दिसेल आणि विमान दोरीला टांगल्यासारखं! विमानतळाच्या आवारात फोटोंचे नियम आहेत ते पाळायचे, आणि बाहेर कोणी हटकलं तर कॉलेजचं ओळखपत्र दाखवून नीट उत्तर द्यायचं. त्याच किनाऱ्याला लागून जुहूचं ते जुनं विमानतळ आजही आहे, आता तिथून मुख्यतः हेलिकॉप्टर उडतात.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. तो उलव्याला आहे, म्हणजे आमच्याच रायगड जिल्ह्यात. माझ्या वडिलांच्या सवालाचं एक व्यवहारी उत्तर कदाचित तिथे मिळेल. देखभाल, हवामान, रडार, इमारती, सगळीकडे इंजिनिअर लागतात. पण मला ते पुरेसं वाटत नाही. खरं उत्तर असं की जो मन लावून बघतो त्याला आधी प्रश्न पडतात, मग चुका दिसतात, आणि एक दिवस ती गोष्ट आपण सुधारावी असं वाटायला लागतं. जेआरडींचं सगळं आयुष्य या तीन पायऱ्यांचं आहे. डिग्री नसताना ते तिथवर गेले. आपल्याकडे तर, सगळ्या केटी सुटल्या की, डिग्रीही असेल!

तेव्हा दोस्तांनो, तुम्हाला विमानंच आवडली पाहिजेत असं नाही. कोणाला पूल आवडत असेल, कोणाला जुनं डिझेल इंजिन, कोणाला आपल्या लॅबमधली ती खडखडणारी लेथ. थोडा वेळ काढून तिच्याकडे नीट बघा. कोणी हसलं तर हसू दे.