घड्याळाला परीक्षक बनवणारा माणूस : सर आर्नल्ड लन

टीव्हीवर स्कीइंगची स्लॅलम शर्यत पाहिलीय? झेंड्यांमधून नागमोडी वळणं घेत खेळाडू खाली येतो आणि पडद्यावर सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वेळ झळकते. या आधुनिक स्लॅलमचे जनक सर आर्नल्ड लन. त्यांचा जन्म चक्क आपल्या मद्रासचा, १८८८ सालचा! वडील तिथे मिशनरी म्हणून आले होते. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी पर्यटनाचा व्यवसाय काढला आणि आर्नल्ड लहानपणीच आल्प्समध्ये स्की शिकले.

१९०९ मध्ये वेल्समधल्या डोंगरात ते कड्यावरून कोसळले. पायाचा चुराडा झाला, एक पाय कायमचा आखूड राहिला. पण गडी हटला नाही. १९२४ मध्ये त्याच पायानं त्यांनी आयगर शिखरावर स्कीनं चढाई केली.

त्या काळी वळणांच्या स्पर्धेत परीक्षक 'स्टाइल'ला मार्क द्यायचे. लन यांचा सवाल साधा होता : वळण घ्यायचं कशासाठी? वाटेतली झाडं चुकवून लवकर खाली पोचायला ना? मग वेळच मोजा! १९२२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या म्युरेन इथे त्यांनी उतारावर झेंड्यांच्या जोड्या रोवल्या. त्यातून जो कमीत कमी वेळात खाली येईल तो विजेता.

नॉर्वेच्या जाणकारांना हे पटेना. त्यांच्या लेखी खरं स्कीइंग म्हणजे लांब पल्ल्याची दौड आणि उडी. लन यांनी वर्षानुवर्षं लिहून, वाद घालून बाजू लावून धरली. अखेर १९३० मध्ये आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं डाउनहिल आणि स्लॅलमला मान्यता दिली. १९३१ मध्ये म्युरेनलाच पहिली जागतिक स्पर्धा झाली, तीही स्त्री-पुरुष दोघांसाठी. १९३६ मध्ये हे प्रकार ऑलिंपिकमध्ये पोचले. १९५२ मध्ये लन 'सर' झाले. १९७४ मध्ये त्यांचं निधन झालं.

आज शर्यतींच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत : वर ऑलिंपिक आणि वर्ल्ड कप, खाली खंडीय आणि राष्ट्रीय स्पर्धा. जितकी वरची पायरी, तितके टायमिंगचे नियम कडक. मोठ्या शर्यतीत दोन स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक यंत्रणा चालतात, शिवाय हाताने घेतलेली वेळही राखीव असते. विजेत्यापेक्षा किती मागे राहिलो आणि समोर स्पर्धक किती तगडे होते, यावरून खेळाडूचे गुण निघतात.

या साऱ्या गणिताच्या मुळाशी लन यांचा तो एक प्रश्न आहे. मोजमाप करायला बसण्याआधी नेमकं काय मोजायचं हे विचारणं, हीच तर इंजिनिअरिंगची पहिली पायरी!