पाणी साठविणारी राणी

मुंबईहून इटारसीमार्गे जबलपूरला जाणाऱ्या गाडीत बसलात, तर जबलपूर येण्याच्या थोडे आधी ‘मदन महल’ नावाचे स्थानक लागते. सामान आवरण्याच्या गडबडीत त्या नावाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ज्या वास्तूवरून हे नाव पडले ती जवळच्याच खडकाळ टेकडीवर उभी आहे. नावात महल असला तरी एका प्रचंड शिळेवर बांधलेली ती एक लहानशी दुमजली इमारत आहे. गोंड राजा मदनसिंह याचे नाव तिला मिळाले आहे. ती पाहताच वाटते की, ही विश्रांतीची नव्हे, तर जागे राहण्याची, दूरवर नजर ठेवण्याची जागा असावी.

या टेकडीच्या पायथ्याशी गढा हे गोंड राजांचे जुने राजधानीचे ठिकाण. या राज्याची धुरा ज्या स्त्रीने सुमारे चौदा वर्षे वाहिली, त्या राणी दुर्गावतीचे चरित्र आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे. ती ख्रिस्ती नव्हती, मग तिची कथा येथे कशाला, असे कदाचित आपल्या मनात येईल. परंतु शलमोनाने आळशाला धडा घेण्यासाठी कोणाकडे पाठविले ते आठवा. त्याने त्याला वारुळाकडे, मुंगीकडे पाठविले. देवाने पेरलेले शहाणपण जेथे आढळेल तेथून ते वेचावे, हे पवित्र शास्त्रच आपल्याला शिकविते.

दुर्गावतीचा जन्म १५२४ साली चंदेल राजघराण्यात झाला. गढ्याचा प्रतापी राजा संग्रामशाह याचा पुत्र दलपतशाह याच्याशी तिचा विवाह झाला. १५५० च्या सुमारास दलपतशाह मरण पावला. मुलगा वीरनारायण तेव्हा अवघा पाच वर्षांचा होता. पती गेलेला, मूल अजाण, भोवताली राज्याकडे डोळे लावून बसलेले शेजारी! अशा वेळी शोकाच्या खोलीत बसून कारभार दुसऱ्यांवर सोपविला असता, तरी तिला कोणी दोष दिला नसता. परंतु तिने मुलाच्या नावाने राज्यकारभार स्वतःच्या हाती घेतला. आधार कायस्थ आणि मान ब्राह्मण या दोन मंत्र्यांचे साहाय्य तिला होते. तरी देखरेख मात्र तिची स्वतःची होती. राजधानी तिने चौरागढच्या दुर्गम किल्ल्यावर नेली. माळव्याचा बाजबहादूर चालून आला, तेव्हा तिने त्याला पराभूत करून परत पाठविले.

अकबराचा इतिहासकार अबुल फज्ल हा तिच्या शत्रुपक्षाचा. तरीही तिच्या दक्षतेची नोंद त्याने केली आहे. वाघ आल्याची वार्ता कानी पडली की, त्याला मारल्यावाचून ती पाणी पीत नसे, असे तो सांगतो. वाचकहो, हे वाचताना नीतिसूत्रांतला आळशी मनुष्य आठवल्यावाचून राहत नाही. बाहेर रस्त्यात सिंह आहे, ही त्याची नेहमीची सबब. सिंह खरोखरच आहे की नाही, हे पाहण्यासाठीही तो दार उघडत नाही. राणीच्या रानात वाघ खरे होते, आणि म्हणूनच ती बाहेर पडत असे. धोका दोघांच्याही बोलण्यात आहे. एकाला तो घरात बसण्याचे कारण वाटतो, दुसऱ्याला उठण्याचे.

पण तिच्या उद्योगाची खरी साक्ष तलवारीपेक्षा पाण्यात सापडते. जबलपूर परिसराची जमीन खडकाळ. पावसाळ्यात पाणी धो-धो येते आणि उतारावरून वाहून जाते. ते अडवून साठविले, तरच उन्हाळ्यात माणसांना व गुरांना आधार. राणीताल तिने बांधविला, चेरीताल तिच्या दासीच्या नावाने आणि आधारताल तिच्या मंत्र्याच्या नावाने झाला, अशी तेथील परंपरा आहे. राणी, दासी व मंत्री या तिघांचीही आठवण तळ्यांच्या रूपाने राहावी, ही गोष्ट मोठी बोलकी आहे. उद्योग हा केवळ सिंहासनावर बसणाऱ्याचा गुण नव्हे. मुंगी उन्हाळ्यात अन्न साठविते. या लोकांनी पावसाळ्यात उन्हाळ्याची तरतूद केली. नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातील सद्गुणी स्त्रीही असेच करते. बर्फ पडण्यापूर्वीच तिच्या घरच्यांची वस्त्रे तयार असतात.

१५६४ साली अकबराचा सरदार असफखान मोठे सैन्य घेऊन गढ्यावर चालून आला. राणीची माणसे पांगलेली होती. हाताशी होते तेवढे लोक घेऊन ती नरईच्या डोंगराळ खिंडीत उभी राहिली. पहिल्या चकमकीत तिने मोगलांना मागे रेटले. त्याच रात्री शत्रूवर छापा घालावा, असे तिचे मत होते. पण तिच्या सरदारांना ते पटले नाही. अंग थकलेले असताना, उद्या पाहू, हा विचार कोणालाही शहाणपणाचाच वाटतो. सकाळ झाली, तेव्हा असफखानाच्या तोफा खिंडीशी येऊन पोहोचल्या होत्या. आणखी थोडी झोप, आणखी थोडी डुलकी, आणि मग हत्यारबंद मनुष्यासारखे येणारे दारिद्र्य, हा शलमोनाचा इशारा येथे अक्षरशः खरा ठरला.

त्या दिवशी लढताना वीरनारायण जखमी झाला आणि त्याला रणाबाहेर नेण्यात आले. राणीला दोन बाण लागले. मागे फिरण्याची विनंती तिने मानली नाही. शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा मरण बरे, असे ठरवून तिने स्वतःच्या कट्यारीने जीवनाचा शेवट केला. तो दिवस २४ जून १५६४ हा मानला जातो. प्राण देणे व घेणे हे प्रभूचे काम आहे, असे आपण मानतो. म्हणून तिची ही अखेरची कृती आपल्यासाठी कित्ता नव्हे. तिचा न्याय आपण करू नये. तिच्या जीवनातील दक्षता मात्र जरूर घ्यावी.

येथे एक प्रश्न उभा राहतो. इतका उद्योग करूनही राज्य गेलेच ना? मग उद्योगाचा लाभ काय? उपदेशकाने हा प्रश्न टाळलेला नाही. हाती पडेल ते काम सर्व बळाने कर, असे सांगून तो लगेच पुढे म्हणतो की, धावेत वेगवानच जिंकतो आणि युद्धात बलवानच जिंकतो असे नाही. उद्योग हा यशाचा सौदा नव्हे. ती सोपविलेल्या कामाशी राखलेली निष्ठा आहे. चौरागढचा खजिना असफखानाने लुटला, हत्ती नेले. तळी मात्र त्याला नेता आली नाहीत. त्यांतील पाणी पुढे कित्येक पिढ्यांच्या उपयोगी पडले.

शत्रूला जे जमले नाही ते पुढे आपल्या अनास्थेने केले. जबलपूरची बावन्न ताल आणि चौऱ्याऐंशी तलैया अशी ख्याती होती. त्यांतील अनेक आज बुजली आहेत. राणीतालावर क्रीडासंकुल व चेरीतालावर वस्ती उभी राहिली. आधारताल अजून तग धरून आहे. आळशाच्या शेतात काटे माजलेले व दगडी कुंपण ढासळलेले शलमोनाने पाहिले, तेव्हा तो नुसता हळहळला नाही. त्यावरून तो शिकला.

प्रिय वाचकहो, आपणही शिकू या. आपल्या प्रत्येकाकडे एखादे तळे सोपविलेले आहे. कोणाकडे मुलांचे शिक्षण, कोणाकडे वृद्ध आईबापांची सेवा, कोणाकडे मंडळीतील एखादे लहानसे काम. एका दिवसाच्या आळसाने ते आटत नाही. रोज थोडा गाळ साचतो, एवढेच. तो आजच उपसण्याची सुबुद्धी व शक्ती प्रभू आपणा सर्वांस देवो.