लोकराजा शाहू महाराज

कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. राजकोट व धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. तेव्हा ते अवघे एकोणीस वर्षांचे होते.

कारभार पाहताना एक गोष्ट त्यांच्या मनाला लागली. दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० अधिकारी ब्राह्मण होते. बाकी सर्व समाजांचे मिळून फक्त ११ होते. शेतकरी आणि कारागीर कर भरत; पण कचेरीत त्यांचा माणूस क्वचितच दिसे. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या विद्या होती, त्यांनाच नोकरी मिळे.

१९०२ साली महाराज इंग्लंडला गेले होते. त्याच वर्षी २६ जुलै रोजी त्यांचा हुकूम निघाला. यापुढे रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतील शिकलेल्या लोकांना द्याव्यात, असा तो हुकूम होता. हुकूम कागदावरच राहू नये, म्हणून प्रत्येक खात्याच्या प्रमुखाने दर तीन महिन्यांनी नेमणुकांचा तक्ता पाठवायचा होता.

अनेकांना हे आवडले नाही. सांगलीचे वकील गणपतराव अभ्यंकर यांची एक गोष्ट सांगतात. नोकरी जात पाहून देऊ नये, लायकी पाहून द्यावी, असे त्यांचे मत होते. महाराज त्यांना घोड्यांच्या पागेत घेऊन गेले. तेथे प्रत्येक घोडा आपापल्या तोबऱ्यातील चंदी खात होता. महाराजांनी सर्व चंदी एका जाजमावर ओतायला लावली आणि घोडे मोकळे सोडले. धष्टपुष्ट घोडे पुढे घुसले. शिंगरे आणि म्हातारे घोडे लाथांच्या भीतीने दूरच उभे राहिले. अभ्यंकरांना उत्तर मिळाले. दुबळ्यांचा वाटा वेगळा ठेवला नाही, तर ते उपाशीच राहतात.

पण जागा राखून ठेवल्या, तरी शिकलेली माणसे कोठून आणायची? खेड्यातल्या मुलांना शहरात राहायला जागा नव्हती. म्हणून १९०१ पासून महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी करायला मदत केली. मुस्लिम समाज शिक्षणात मागे होता. १९०६ साली त्यांनी मुस्लिम बोर्डिंग सुरू करवले आणि त्या संस्थेचे अध्यक्षपद स्वतः स्वीकारले. विंचूरपासून जवळ असलेल्या आपल्या नाशिक शहरातही १९२० मध्ये त्यांनी उदाजी मराठा वसतिगृहाच्या इमारतीची कोनशिला बसवली. १९१७ साली त्यांनी आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला.

गंगाराम कांबळे या अस्पृश्य मानलेल्या नोकराला पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली होती. महाराजांनी त्याला चहाचे दुकान काढून दिले. तेथे कोणी चहा प्यायला जाईना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तेथे चहा घेऊ लागले. बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. मग लोकांची भीड मोडली.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. पुढे १९५० साली अमलात आलेल्या भारताच्या संविधानाने राखीव जागांना देशभर आधार दिला. महाराष्ट्रात महाराजांचा जन्मदिवस सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो. आपल्यापैकी ज्याच्या घरात कोणी पहिल्यांदाच शाळेची पायरी चढले असेल, त्याला या राजाचे मोठेपण सहज कळेल.

शब्दार्थ
चंदी – घोड्याचा दाणा
तोबरा – घोड्याच्या तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी
जाजम – जाड सतरंजी
शिंगरू – घोड्याचे पिल्लू
भीड – संकोच

स्वाध्याय
१. महाराजांच्या मनाला कोणती गोष्ट लागली?
२. पागेतील प्रसंग तुमच्या शब्दांत सांगा.
३. नोकऱ्यांबरोबर वसतिगृहांचीही गरज का होती?