लोणीचे अध्यक्ष, दिल्लीचे उपाध्यक्ष

नगर जिल्ह्यात प्रवराकाठच्या एका शाखेत मी काही वर्षे बँक अधिकारी होतो. ऊसवाल्यांची कर्जखाती चाळताना धनंजयराव गाडगीळ या माणसाविषयी कुतूहल वाटू लागले. विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने लोणीच्या शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाना काढला आणि अध्यक्ष केले ते पुण्याच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला! १९५० साली गाळप सुरू झाले. भाऊबंदकीच्या गावात, ज्याचा बांध कुणाच्याच बांधाला लागत नाही असा माणूस खुर्चीत हवा, हे विखे पाटलांनी ओळखले असावे.

गाडगीळ १९०१ साली नाशिकला जन्मले, केंब्रिजला शिकले. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था त्यांनी उभी केली. रिझर्व्ह बँकेच्या ग्रामीण पतपाहणी समितीतही ते होते. शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के, हे १९५४ साली तिने दाखवले. आम्हा बँकवाल्यांना खेड्याची वाट दिसली ती तिथून.

१९६७ साली ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. मोठी विलक्षण संस्था! ना घटनेत, ना कायद्यात. १९५० साली मंत्रिमंडळाच्या ठरावाने आली आणि २०१५ साली दुसऱ्या ठरावाने तिच्या जागी नीती आयोग आला. होती सरकारचीच, पण जरा बाजूला बसून मोजमाप करावे ही अपेक्षा. १९६७ साली बहुतेक मंत्र्यांना वगळून तीत तज्ज्ञ आणले गेले. अध्यक्ष मात्र पंतप्रधानच.

राज्यांना योजनेसाठी केंद्राकडून मिळणारी मदत तोवर बरीचशी दिल्लीच्या मर्जीवर असे. गाडगीळांनी तिला सूत्र दिले. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीरची गरज आधी बाजूला काढायची. उरलेल्यातले ६० टक्के लोकसंख्येवर. मग दरडोई उत्पन्न, करवसुलीचे प्रयत्न, चालू पाटबंधारे-वीज प्रकल्प आणि खास अडचणी यांना प्रत्येकी १० टक्के. १९६९ साली राष्ट्रीय विकास परिषदेने ते मान्य केले. मला त्यात लोणीच दिसते. उसाचे पैसे वजनकाट्यावर ठरतात, ओळखीवर नव्हे. अर्थात काटा कुणाच्या दारात आहे, यावरही बरेच असते.

१९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींना भरघोस बहुमत मिळाले. गाडगीळांनी पद सोडले. त्यांच्या जागी आले ते एक मंत्रीच, सी. सुब्रह्मण्यम. ३ मे १९७१ रोजी दिल्लीहून पुण्याला परतताना, आगगाडीतच गाडगीळ गेले.