तेहतिसाव्या वर्षी विद्यार्थी

३१ जुलै हा संत इग्नेशियस लोयोला यांचा सण. तोफगोळ्याने मोडलेला त्यांचा पाय, आजारपणात वाचलेली संतचरित्रे, मानरेसाची गुहा, हे सर्व आपण प्रवचनांतून अनेकदा ऐकले आहे. त्यानंतरची ११ वर्षे मात्र क्वचितच सांगितली जातात. ती त्यांनी विद्यार्थी म्हणून काढली.

जेरुसलेमची यात्रा करून ते १५२४ साली स्पेनला परतले. लोकांच्या आत्म्यांची सेवा करायची तर शिक्षण हवे, हे त्यांना उमगले होते. तेव्हा त्यांचे वय ३३ होते. तलवार चालवता येत होती, हस्ताक्षरही सुरेख होते. पण लॅटिन येत नव्हते आणि लॅटिनशिवाय त्या काळी विद्यापीठाचे दार उघडत नसे. बार्सेलोना शहरात जेरोनिमो आर्देवोल या शिक्षकांकडे ते लहान मुलांच्या सोबतीने व्याकरण शिकू लागले.

तेथे एक वेगळीच अडचण उभी राहिली. क्रियापदांची रूपे पाठ करायला बसले की मनात आध्यात्मिक विचारांचा पूर येई आणि पाठांतर तसेच राही. प्रार्थनेला किंवा मिस्साला मात्र असा पूर येत नसे. इग्नेशियस यांनी हे नीट तपासून पाहिले आणि हा मोह आहे, असा निर्णय केला. मोह पापाच्या रूपाने येतो हे आपण जाणतो. तो भक्तीचा झगा घालून व्याकरणाच्या आड येतो, हे ओळखायला फार सावध मन लागते. ते शिक्षकांना घेऊन सांता मारिया देल मार या चर्चमध्ये गेले आणि बार्सेलोनात भाकर-पाणी मिळत आहे तोवर दोन वर्षे एकही पाठ चुकवणार नाही, असे वचन दिले. चूक झाल्यास इतर मुलांसारखीच शिक्षा करा, अशीही विनंती केली.

दोन वर्षांनंतर अल्कला येथील विद्यापीठात मात्र घाई झाली. तर्कशास्त्र, निसर्गाचे तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान हे सारे त्यांनी एकाच वेळी हाती घेतले. शिवाय धर्मशिक्षण देणे चालू होते, त्यावरून चौकशी होऊन तुरुंगवासही घडला. पाया कच्चा राहिला.

फेब्रुवारी १५२८ मध्ये ते पॅरिसला पोहोचले आणि त्यांनी एक अवघड गोष्ट केली. माँतेग्यू कॉलेजात ते पुन्हा लहान मुलांमध्ये बसले, पुन्हा लॅटिन व्याकरण! जवळचे पैसे एका देशबांधवाकडे ठेवायला दिले होते, ते त्याने खर्चून टाकले. मग धर्मशाळेत राहावे लागले. तिचे दार उजाडल्यावर उघडे आणि संध्याकाळी लवकर बंद होई. त्यामुळे पाठ बुडू लागले. अखेर वर्षातून दोन महिने फ्लँडर्सला जाऊन भिक्षा मागायची आणि उरलेले वर्ष अभ्यास करायचा, असा मार्ग त्यांनी काढला.

१५२९ साली सेंट बार्ब कॉलेजात तत्त्वज्ञानाचा अभ्यास सुरू झाला. ॲरिस्टॉटलचे तर्कशास्त्र सुरुवातीला किती रुक्ष वाटते, हे सेमिनरीत शिकलेल्या कोणालाही विचारा. जुना मोह परतला. त्यांनी नव्या शिक्षकांनाही तसेच वचन दिले. पाठांची उजळणी घेण्याचे काम शिक्षकांनी खोलीतल्या पीटर फेबर यांच्याकडे सोपवले. ते इग्नेशियस यांच्याहून सुमारे १५ वर्षांनी लहान होते. त्याच खोलीत फ्रान्सिस झेवियरही राहत; तेच पुढे १५४२ साली गोव्याला आले.

१५३५ साली इग्नेशियस यांना मास्टर ही पदवी मिळाली. पुढे येशूसंघाची घटना लिहिताना त्यांनी अभ्यासाचा क्रम ठरवून दिला: आधी भाषा, मग तत्त्वज्ञान, मग ईशज्ञान. दिवसाचे अनेक तास प्रार्थनेत घालवलेल्या या संताने विद्यार्थ्यांच्या प्रार्थनेला आणि तपाला मात्र मर्यादा घातली, अभ्यासाला वेळ पुरावा म्हणून.